आत्याबाई, नाग आन् मधातला नाला

काहून हासून रायल्या वं? हाताले फोड आले म्हनून? कासऱ्याचे हायत ते. आमच्या सासरच्या गावात बाई बैलबंडी हाकत नाई, आन् म्या हाकली. दोन कोस, पार अकोटच्या सरकारी दवाखान्यापावतर. गोदे, तू मधात बोलू नको, नाई तं मी इसरून जाईन.

कापसाची वेचणी चालू होती. आमी बारा बाया पऱ्हाटीत, कमरेले वट्या बांधून. माही सासू मनकर्णाबाई, आमची आत्याबाई, सगळ्यायच्या पुढं. तिनं खालचं बोंड काढाले हात घातला आन् एकदम मांगं घेतला. बोटावर दोन दात उमटले होते. पाहतो तं बुडाशी नाग, फणा काढून. मंग सरसर वावराच्या धुऱ्याकडं गेला. बाया वट्या सोडून पयाल्या, सारा कापूस मातीत. एक जण पयता पयताच म्हने, "मांगच्या साली नाग मारला ना, त्याच्या नागिणीनं डूख धरला." म्या म्हनलं, "तो तं पाटलाच्या गड्यानं मारला होता. मंग ते बयाड नागीण आमच्या आत्याबाईले काहून चावन?"

आत्याबाईले मारोतीच्या पारावर नेलं. आमच्याकडं साप चावला असं तोंडानं बोलत नाईत, पान लागलं म्हनतात. सारा गाव जमा झाला. जानराव आला. जानराव म्हंजे गावचा भगत. वाईट मानूस नाई बरं, कोनाजवळून काई घेत नाई, बापानं शिकवलं तसं करते. रीत अशी, का पान लागलेल्याले कडूनिंबाचा पाला चावाले द्याचा. कडू लागला तं इष नाई, गोड लागला तं इष हाय.

"कसा लागते?" जानराव म्हने.

आत्याबाईनं चावला, अजून चावला. "कसाच नाई लागत."

आता कसाच नाई लागला तं काय, हे कोनालेच माईत नव्हतं. जानरावनं डोकं खाजवलं. "गोड तं नाई ना?"

"नाई."

"मंग इष नाई." झालं, नारळ फोडला, जो तो खोबरं खात बसला.

आता तुमाले सांगू का, माही सासू चाळीस वर्षांपासून तंबाखू खाते. तिले शिरा आन् ठेचा एकच लागते. तो पाला काय सांगन? मी तिच्या डोळ्याकडं पाहून रायली होती. परतवाड्याचे आपले खुशालमामा दवाखान्यात कंपाउंडर हायत ना, त्यायनं सांगतलं होतं, नागाचं इष पहिले पापण्यायवर बसते. आत्याबाई खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन बसली होती, आन् पापण्या अर्ध्या खाली. झोपेनं पेंगते तसं नाई. कपाळाले आठ्या घालून घालून उचलून पाहे, उचलत नव्हत्या.

म्या म्हनलं, "इष हाय. तिच्या पापण्या पाहा, उचलत नाईत. अकोटले न्या लागते. तिथं इषावरची सुई हाय."

"मधात नाला हाय," जानराव म्हने. "पान लागलेलं मानूस नाला वलांडलं का मंत्र तुटते. इष सीधं डोक्यात जाते."

सगळे मांगं सरले. म्या घरच्यायले, म्हंजे माह्या नवऱ्याले म्हनलं, बंडी जुपा. ते मायकडं पाहात, जानरावकडं पाहात, मंग आपल्याच पायाकडं. हळूच म्हने, "आबा नाल्यातच गेले."

आता मले समजलं गाव काहून भेते. माह्या सासऱ्याले बी पान लागलं होतं, त्यायले अकोटले नेता नेता नाल्यातच जीव गेला.

"त्यायले चावलं कवा होतं?"

"सकाळी."

"आन् नाल्यावर कवा पोचले?"

"दिवस बुडता."

"मंग नाल्यानं नाई मारलं त्यायले. दिवसभर पारावर बसवलं, त्यानं मारलं."

म्या पदर खोचला आन् बैल जुपले. एक बाई म्हने, "लाज नाई वाटत?" म्या म्हनलं, "वाटते. बाजू व्हा." तवा आमचे हे उठले, मायले उचलून बंडीत ठेवलं आन् तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

नाल्याले घोटाभर पानी. आत्याबाईची जीभ जड झाली होती, तरी तिनं बंडीचा दांडा गच्च धरला. "थांब पोरी. मी नाला वलांडत नाई."

"तुमी नका वलांडू आत्याबाई. बैल वलांडतात."

"तुहे सासरे इथंच..."

"हो. म्हनूनच थांबत नाई." आन् म्या बैलायच्या शेपट्या पिळल्या.

पुढं जिनाच्या, म्हंजे कापसातली सरकी काढाच्या कारखान्याच्या, वाटेवर कापसाच्या बंड्यायची रांग. मी उभी होऊन ओरडली, "पान लागलं, पान लागलं." बाई हाकून रायली म्हनून सारे गाडीवाले तोंड उघडं टाकून पाहात, पन एकूनएक बंडी रस्त्याखाली घेतली त्यायनं.

डाक्तरनं सुई देल्ली, मंग अजून एक. मी खाटेजवळ बसून नुसत्या पापण्या पाहात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवी उठली, मंग डावी. आत्याबाईनं पहिला शब्द काहाडला, "तंबाखू."

चौथ्या दिवशी वापस आलो. नाल्याच्या पलीकडं सारा गाव उभा, जानराव पुढं. आत्याबाई म्हने, "पोरी, बंडी नाल्यातच उभी कर." खाली उतरली. पान्यात उभी राहून हात धुतले, पाय धुतले, चूळ भरली, सगळं हळूहळू. लोकं पाहात होते का आता पडते का मंग पडते. ती पदरानं तोंड पुसून रायली.

जानराव धोतर वर घेऊन पान्यात आला. "मनकर्णाबाई, कोन्ती पापणी पहिले झाकली?"

"सुनेले इचार. मले कुठं दिसत होतं?"

म्या त्याले तिथंच सारं सांगतलं, डोळे झाकून उघडून दाखवलं, मंग इचारलं, "जानरावबुवा, आता पुढच्याले काय देसान? पाला का बंडी?"

त्यानं एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. बैल पानी पेत होते.

"बंडी," तो म्हने. "मंत्र मी बंडीत बसून म्हनीन."