पाजतानाची तहान

रायपूर छत्तीसगडची नवी राजधानी झालं त्याच महिन्यात चेतनाला मुलगी झाली. बाळ दूध ओढायला लागलं की चेतनाच्या घशाला कोरड पडायची. पाणी स्वयंपाकघरात असायचं आणि मधेच उठलं की पोट्टी रडायची.

"आई, पाजायला बसलं की लगेच तहान काहून लागते?" तिने सासूला विचारलं.

अंजनाबाई चमकल्या. "तुले बी लागते? मले वाटे, माह्यातच काही खोट आहे. चार लेकरं झाली, पण कोणाले विचारलं नाही."

आता अंजनाबाईंना राहवेना. बाळाच्या तपासणीला गेल्यावर त्यांनीच नर्सला गाठलं. नर्स हसली. "सबको लगती है, अम्मा. पानी पास में ही रखा करो."

घरी येताच त्यांनी पलंगाजवळ स्टूल ओढलं. त्यावर झाकलेला तांब्या, मऊ फडकं आणि डिंकाचा लाडू ठेवला. चेतना पाजायला बसली, तशा त्या समोर टक लावून बसल्या.

"लागली?"

"हव, लागली."

अंजनाबाईंनी पेला भरून तिच्या हातात दिला. मग एकदम म्हणाल्या, "अन् मले तर पाजताना झोपबी येत होती. ते काहून, हे विचारायचं राहूनच गेलं!"