पुढची चाकंही जुंपली तेव्हा

ऐका जरा, बॉनेटखालून बोलतेय मी. आवाज थोडा घोगरा आहे, पण तो वयाचा. इंजिन अजून खणखणीत आहे. माझा कारभार एकेकाळी फार सोपा होता. मागच्या दोन चाकांनी ढकलायचं आणि पुढच्या दोघांनी नुसती वाट दाखवायची. पुष्कळ घरांतही असंच चालतं, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझे मालक सोफे शिवतात. माझ्या सीटाही त्यांनीच शिवल्या, अशा की सुई कुठून शिरली नि कुठून निघाली ते मलाही सांगता येणार नाही. टपावर दिवाण, डिकीत काथ्या, असा आमचा संसार. एकदा एक गिऱ्हाईक नव्या कोचावर असं रमलं की उठेचना. शेवटी कोचासकट त्यालाही टपावर बांधून घरपोच केलं. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा, अजून तिथेच बसलेलं असेल.

सांगायचं हे, की चिखल म्हणा, खडी म्हणा, मालकांना कशाचंच वावडं नव्हतं. डिकीत वजन टाकायचं, दुसरा गिअर, आणि ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवायचा, जसा झोपलेल्या मुलाच्या अंगावर हात. मग मी कुठेही चढायचे.

एक चढ सोडून.

वस्तीबाहेरच्या टेकडीवर मालकांच्या लेकीने मातीची भांडी भाजायची भट्टी घातली. दुकानातला सगळ्यात सफाईदार हात तिचा. ती जाते म्हणाली तेव्हा मालक तोंडातले खिळेही न काढता म्हणाले, "जा. महिन्याभरात खाली येशील."

ती आली नाही. महिने गेले, वर्षं गेली. आणि वर जाऊन बघायचं म्हणजे आपलं बोलणं फुकट गेलं तेच बघायचं.

मालकीणबाईंनी एकदा गोडीगुलाबीने त्यांना चढापर्यंत आणलं. सगळी चिकणमाती, तिच्यासाठीच तर लेक तिथे गेलेली. मालकांनी डिकी मुद्दाम रिकामी ठेवली होती. पहिला गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर असा दाबला, जसं काही पायाखाली झुरळ आहे. माझी मागची चाकं गरागरा फिरली, चिखल टपापर्यंत उडाला, आणि मी जागच्या जागी.

"बघ, गाडी चढत नाही," मालक म्हणाले.

"गाडीच मेली तसली," मालकीणबाई म्हणाल्या.

मी काय बोलणार? चाकं माझी होती, घसरले मी. तेव्हापासून 'गाडी चढत नाही' हे त्या घरातलं ठरलेलं उत्तर झालं. मालकीणबाई चढाखाली उतरायच्या, पिशवी घेऊन पायी वर जायच्या. मालक माझ्यात बसून स्टिअरिंग पुसत राहायचे. नसलेली धूळसुद्धा पुसायचे. परत आल्यावर बाई दारातच चपला झटकायच्या, माझा गालिचा मळू नये म्हणून. मला त्या गालिच्याची लाज वाटायची. मालकांचं त्यांना ठाऊक, पण त्या चपलांकडे ते कधी बघायचे नाहीत.

मग एक दिवस वरून निरोप आला: लेकीने मोठी भट्टी लावली आहे, उघडताना दोघांनीही या.

"अहो," बाई मालकांना म्हणाल्या, "माझे गुडघे गेले आता. या वेळी पायी वर गेले ना, तर उतरायची नाही मी. तिथेच राहीन."

"अगं, पण गाडी..."

"गाडीचं मी बघते."

बघायला त्यांचा धाकटा भाऊ होता. लेकीचा मामा, म्हणून सगळ्यांचाच मामा. त्याचं गॅरेज.

"भाऊजी, हिच्या चारी चाकांना जोर देऊन टाकू," मामा म्हणाला.

"या वयात तिला कशाला छळतोस?"

"तिला, की तुम्हाला?"

मामाने भंगारातून माझ्याच जातीची, पण चारी चाकांनी ओढणारी गाडी आणली. मागून चेपलेली, पुढून शाबूत. मग माझं पोट उघडलं. गिअरबॉक्समागे जोर वाटून देणारी पेटी बसवली, तिच्यातून एक शाफ्ट पुढच्या चाकांकडे नेला. तो जावा म्हणून इंजिनखालचं तेलाचं भांडं कापून पुन्हा जोडलं, आणि पायाखालचा पत्रा ठोकून फुगवला. पुढच्या-मागच्या गिअरचे दात मामाने पुन्हा पुन्हा मोजून जुळवले.

"हे जुळले नाहीत तर पुढचे म्हणणार असं, मागचे म्हणणार तसं, आणि फुटणार मधली पेटी," तो म्हणाला. "ताईला विचारा."

मला हसू यायला हवं होतं. पण समोर ती दुसरी गाडी विटांवर उभी होती, पोकळ, आणि तिचे पाय मला लावत होते. कशासाठी? पायाच्या एका हलक्या दाबाने जे झालं असतं, त्यासाठी. मालकही तिच्याकडे पाठ करून बसले होते.

"पुढची चाकं जोडायचा दांडा कुठे बसवतोस?" त्यांनी विचारलं. "लागला तर ओढायचा, नाही तर सोडायचा. तसाच असतो ना?"

"दांडा नाही. चारी चाकं कायमची जुंपलेली."

"का रे?"

"दांडा ठेवला आणि तुम्ही तो ओढलाच नाही तर?"

मालकांनी कात्री उचलली आणि फुगलेल्या पत्र्यावर नवा गालिचा बेतायला घेतला.

भट्टी उघडायच्या दिवशी चढाखाली त्यांनी मला उभं केलं. शेजारी बाई, मागे मामा.

"या फुगवट्याला गुडघा अडकतोय माझा," मालक म्हणाले.

बाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि दाराच्या कडीला हात घातला. कडी अर्धी उघडली. मला वाटलं, गेल्या या; आता मालकांशेजारची सीट कायमची रिकामी.

तेवढ्यात दुसरा गिअर पडला. पाय आला, अगदी हलका, झुळकीसारखा. पुढच्या चाकांनी माती धरली, मागच्यांनी रेटलं, आणि मी अशी चढले की चिखलाचा शिंतोडा उडाला नाही.

"भाऊजी," मामा मागून म्हणाला, "हा पाय इतकी वर्षं कुठे ठेवला होतात?"

बाईंचा हात कडीवरून निघाला होता. पण वर पोचेपर्यंत त्या रस्त्याकडे बघत नव्हत्या, मालकांच्या पायाकडे बघत होत्या.

लेक कोपरापर्यंत राखेने माखून बाहेर आली. मालक उतरले, माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"मामाने चारी चाकं जुंपली म्हणून..." एवढं म्हणाले आणि थांबले. "नाही. ही आधीही चढली असती."

"माहितीये, बाबा. तेव्हा मी इथूनच बघत होते. चिखलात पाय कसा ठेवायचा, हे तुम्हीच तर शिकवलंत मला."

मालकांची मान खाली गेली. मग ते म्हणाले, "काही उचलायचं असेल तर सांग."

"पुष्कळ आहे," लेक म्हणाली. "या आत."

आता मी पेट्रोल घटाघटा पिते, पुढचे टायर लवकर झिजतात, वळायला मला अर्धं मैदान लागतं. आठवड्याला वर जायचं, पेंढ्यात गुंडाळलेली भांडी घेऊन हळू उतरायचं. मामाच्या गॅरेजवरून जाताना ती विटांवरची गाडी दिसते. मी तिला हॉर्नही देत नाही. काय तोंडाने देऊ?

तुम्हाला एकच विनवणी. कुठे जायचं नसेल, तर 'मला जायचं नाही' म्हणा. आमच्यावर ढकलू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही, हो. पाय दाबला की चाकं फिरतात. आणि वर उभं राहून कुणीतरी ती फिरताना बघत असतं.