गाडीवर रंगवलेला नंबर

गाडीचे कागद शोधायला वहिनींनी अख्खं घर उलथंपालथं केलं. ट्रंक झाली, फळ्यांवरचे डबे झाले, गादीखाली हात घालून झाला. मग त्या जमिनीवर फतकल मारून बसल्या तेव्हा त्यांना आठवलं, की कागद कधी नव्हतेच. गाडी घेतली त्या दिवशी नवरा म्हणाला होता, "आता कागदबिगद काही देत नाहीत. सगळं आभाळात असतं." आणि वहिनींनी खरोखरच मान वर करून पाहिलं होतं. त्यावरून तो पुढं कितीतरी दिवस त्यांना चिडवत होता.

नवरा धार लावायचा. सुऱ्या, कात्र्या, वस्तरे, झाडं छाटायच्या कैच्या, जे काही बोथट होईल ते. मागं सहाण बसवलेली ती पांढरी गाडी घेऊन दोघं गावभर फिरायची. गाडी वहिनी चालवायच्या, कारण नवऱ्याचं लक्ष रस्त्यावर कमी आणि दुकानांवर जास्त असे. कात्र्याही वहिनींच्याच वाट्याला होत्या. सुरीला एकच पातं असतं, कात्रीत दोन पात्यांचं जमवावं लागतं, आणि ते जमवणं आपल्या हातात नाही, हे नवरा चारचौघांत कबूल करायचा. गिऱ्हाइकं त्याला धारवाले म्हणत आणि यांना वहिनी. धाकटा दीर वहिनी म्हणायचा म्हणून सगळेच म्हणायला लागले होते.

नवरा गेला त्याला वर्ष होत आलं होतं. गाडी दिराच्या गॅरेजच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती, आणि दिराचा धीर संपत आला होता.

"वहिनी, मी वाईट म्हणून सांगत नाही," तो म्हणाला. "घेणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. महिनाअखेरीला येतोय. गाडी अशी किती दिवस सडत ठेवणार?"

"सडत नाही ठेवायची. मी चालवणार आहे, भाऊजी."

"चालवाल हो. पण जाणार कुणाकडे? वर्षभर कुणी बोथट सुरी घेऊन बसतंय होय तुमची वाट बघत?"

तीच तर वहिनींची खरी भीती होती. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी गाडी माझ्या नावावर होऊ दे, मग बघू."

वाहन कार्यालयातला कारकून तरुण होता, चष्मा डोक्यावर ठेवून शोधत बसणाऱ्यांपैकी. वहिनींनी मृत्यूचा दाखला खिडकीतून आत सरकवला. असे दाखले कामाला येतात. आपल्याला तोंडानं काही सांगावं लागत नाही. कारकुनानं तो वाचला, पडद्यावर काहीतरी उघडलं आणि खूश होऊन म्हणाला, "अहो, गाडी तर तुमचीच आहे! मालक म्हणून दोघांची नावं आहेत. एक गेलं की सगळी दुसऱ्याची. त्यांनी घेतानाच तसं करून ठेवलंय."

वहिनींना हे ठाऊक नव्हतं. बेट्यानं कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"मग झालं ना काम?"

"नाही ना. मालकीचा प्रश्न नाही, दाराचा आहे. एकटीच्या नावावर करायची तर गाडीचं खातं उघडावं लागतं, आणि ते उघडतं त्यांच्या मोबाइल नंबरवर. त्यावर कोड येईल, तो टाकला की तुम्ही आत."

"तो नंबर बंद झालाय. माझा नंबर घाला."

"घालतो की. नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर कोड येतो."

आपण काय बोललो ते कारकुनाला उमगलं असावं, कारण तो ओशाळून हसला. "नाहीतर मोठ्या ऑफिसकडे फाइल पाठवायची. गेलेली फाइल परत कधी येते, ते मात्र मला विचारू नका." मग त्याचंच कुतूहल चाळवलं. "खरंच बंद आहे का, बघू या?" असं म्हणून त्यानं बटण दाबलं. "गेला बघा कोड. पोचला म्हणतंय."

"कुणाला पोचला?"

"ज्याच्याकडे नंबर असेल त्याला. कंपन्या जुने नंबर पुन्हा देतात दुसऱ्यांना."

वहिनी बाहेर बाकावर येऊन बसल्या. नंबर आपल्याच हातानं घालवला होता. नवरा गेल्यावर तो फोन दिवसभर वाजायचा, कारण नंबर गाडीवर हातभर मोठ्या आकड्यांत रंगवलेला होता आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गल्ल्यावर चिकटवलेला होता. फोन उचलला की पलीकडून एकच प्रश्न, धारवाले कधी येणार? एकालाही वहिनींना सांगता आलं नाही. शेवटी त्या कंपनीच्या दुकानात गेल्या आणि कार्ड टेबलावर ठेवून म्हणाल्या, नको हा नंबर. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली होती, हे आठवून आता त्यांना स्वतःचाच राग आला.

पण रागाहून मोठं कुतूहल होतं. कोण असेल? त्यांच्या मोबाइलमध्ये तो नंबर अजून होता, "अहो" या नावानं. त्यांनी त्या नावावर अंगठा दाबला.

लगेच उचलला गेला. बाईचा आवाज, वयस्क आणि ठणठणीत. "नमस्कार. धार लावायची आहे का?"

वहिनींच्या हातून फोन पडायचाच बाकी होता.

"बोला ना. कात्री आहे की सुरी?"

"तुम्ही... तुम्ही कोण?"

"फोन तुम्ही केलात. तुम्ही कोण ते सांगा."

वहिनींनी एका दमात सांगून टाकलं, की आत्ता एक कोड आला असेल, तो तेवढा पाहिजे. पलीकडचा आवाज एकदम कडक झाला. "अस्सं! कोड पाहिजे? अहो, माझे केस पिकलेत, अक्कल नाही पिकून गळाली!" आणि फोन बंद.

बाई बरोबरच वागली होती, म्हणून तर जास्त चिडचिड होत होती. वहिनींनी पुन्हा लावला. "कोड नका देऊ, पण फोन ठेवू नका. तुम्ही धार लावायची का म्हणून विचारलंत. तो नंबर ज्यांचा होता ना, त्या धारवाल्यांची बायको बोलतेय मी."

मग आवाज अगदी बदलून आला, घरातल्या माणसाशी बोलावं तसा. "अगं बाई! कुठंय कुठं तुमचा माणूस? लोकांनी माझं डोकं खाल्लंय!"

"भेटून सांगू का?" वहिनी म्हणाल्या.

"विचार करते," म्हणून बाईंनी फोन ठेवला. वहिनी घरी पोचून चपला काढत होत्या, तोच फोन वाजला. पडद्यावर "अहो" अशी अक्षरं आली. एक चप्पल पायातच ठेवून त्यांनी घाईघाईनं तो कानाला लावला. आपल्याला सगळं माहीत असूनही मन किती वेड्यासारखं धावतं, याचं त्यांना नवल वाटलं. फोनवर बाई होत्या. विचार झाला होता. त्यांनी पत्ता सांगितला.

बाई म्हणजे निवृत्त नर्स. शेजारीपाजारी त्यांना अजून सिस्टरच म्हणत. तिसऱ्या मजल्यावर एकच खोली, पण पलंगाची चादर अशी ताणलेली, की त्यावर बसायला संकोच वाटावा. खिडकीशी स्टूल, स्टुलावर धुतलेला रुमाल आणि रुमालावर फोन. तिथं तो मुद्दाम ठेवलेला दिसत होता, येता-जाता नजर पडेल असा.

सिस्टरांनी दार उघडलं, वहिनींच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं, "गेले का?"

वहिनींनी मान डोलावली. सिस्टरांनी त्यांना हाताला धरून बसवलं आणि पाणी दिलं.

मग त्यांनी आपलं सांगितलं. नोकरी संपल्यावर नवा फोन घेतला, पण फोन करणारं कुणी नव्हतं. पहिल्याच दिवशी वाजला तेव्हा त्या धावत गेल्या. कुणीतरी टेलर धारवाल्याला विचारत होता. राँग नंबर म्हणून ठेवला. दुसऱ्या दिवशी कँटीनचा आचारी, मग सलूनवाला. "हळूहळू मलाच उत्सुकता वाटायला लागली हो. हा माणूस आहे कोण, ज्याच्यासाठी गाव खोळंबलंय? मग मी विचारपूस करायला लागले. टेलरची कात्री कापड चावते. आचाऱ्याची मोठी सुरी टोमॅटोसुद्धा चिरडते. सलूनवाल्याचं एक गिऱ्हाईक रुसून गेलंय. बेड नंबरासारखे सगळे डोक्यात बसलेत माझ्या."

"आणि त्यांना सांगायचात काय तुम्ही?"

"येतील, थोडं थांबा."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. "येतील? इतके महिने लोकांना सांगत होतात, की हे येतील?"

"मला काय माहीत हो!" सिस्टर कळवळून म्हणाल्या. "जन्मभर वॉर्डात तेच सांगत आले. डॉक्टर येताहेत, थोडं थांबा. माणूस विचारतो ना, तेव्हा नाही म्हणायला माझी जीभच वळत नाही. आणि खरं सांगू? नाही म्हटलं असतं, तर त्यांनी पुन्हा फोन केला नसता."

वहिनींना संताप आला होता. आपल्या मेलेल्या माणसाच्या नावानं कुणी परकी बाई खोटे वायदे करत होती. त्या दारापर्यंत गेल्यासुद्धा. तिथं मात्र पाय थबकले, कारण दिराचा प्रश्न आठवला.

"थांबले का हो ते?" त्यांनी वळून विचारलं. "की गेले दुसरीकडे?"

"काही गेले," सिस्टर म्हणाल्या. "टेलर मात्र कालच ओरडला माझ्यावर. ओरडतो, म्हणजे थांबलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी खिडकीपुढं उभ्या होत्या. कारकुनानं नियम सांगितला. नंबर आज ज्याच्या नावावर आहे त्यानं ओळखपत्र घेऊन समोर यायचं आणि हे वाहनाचं खातं माझं नाही, असं सही करून द्यायचं. मग कोड टाकून जुना नंबर खात्यातून सोडवता येतो.

सिस्टरांनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. "सोडवता येतो म्हणजे? नंबर माझ्याकडून काढून घेणार?" एवढी ठणठणीत बाई, पण हे विचारताना आवाज अगदी बारीक झाला होता. वहिनींच्या ते लक्षात आलं.

"नाही हो आजी," कारकून म्हणाला. "नंबर तुमचाच राहणार. फक्त गाडीचं दार त्यानं उघडणार नाही."

"आजी नाही, सिस्टर," सिस्टरांनी सुनावलं आणि सही ठोकली. फोन टुणकन वाजला. सिस्टरांनी चष्मा लावला, कारकुनाच्या गळ्यातलं ओळखपत्र नावासकट वाचलं, आजूबाजूला पाहिलं आणि मगच आकडे सांगितले, तेही खिडकीला तोंड लावून. त्यानंतर वहिनींच्या मोबाइलवर दुसरा कोड आला आणि पडदा उघडला. कारकुनानं तो त्यांच्याकडे वळवला. नवऱ्याचं नाव फिकट झालं होतं. खाली त्यांचं नाव होतं, ठळक आणि एकटं. गाडी मिळाल्याचा आनंद झाला, आणि ते फिकट नाव बघवेना, दोन्ही एकाच वेळी.

बाहेर पायऱ्यांवर सिस्टर घुटमळल्या. "आता गाडीवरचा नंबर बदलाल ना?"

वहिनींनीही तेच ठरवलं होतं. रंगाचा डबा दिराच्या गॅरेजात होताच. "तुम्हाला फोन आले तर त्रास होतो का?" त्यांनी विचारलं.

"त्रास कसला?" सिस्टर इतक्या घाईनं म्हणाल्या, की वहिनींना हसू आलं.

"मग राहू दे. फोन आला तर येतात म्हणून सांगा."

"कोण येतं म्हणून सांगू?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

दिरानं ताडपत्री काढताना तोंड वाकडं केलं, पण बॅटरी स्वतः चार्ज करून दिली आणि घेणाऱ्या माणसाला फोन लावून नको म्हणून सांगितलं. "चार दिवस फिरून बघा," तो म्हणाला. "कुणीच नाही आलं, तरी मी सांगत होतो, असं काही म्हणणार नाही." दिराचं प्रेम असंच होतं, तोंड वाकडं करून दिलेलं.

वहिनी थेट टेलरकडे गेल्या. गाडीचा आवाज ऐकूनच टेलरकाका दुकानाबाहेर आले, गळ्यात टेप, हातात ती लांब काळी कात्री. "आलात एकदाचे! त्या फोनवाल्या बाईंनी आज-उद्या करत महिनेच्या महिने काढले माझे. म्हटलं, दुसऱ्याच्या हातात ही कात्री द्यायची नाही. बघा काय दशा झालीय." मग ते वाकून दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघायला लागले. "धारवाले कुठंयत?"

इथं दाखला सरकवायला खिडकी नव्हती. चेहरा वाचणाऱ्या सिस्टरही नव्हत्या. टेलरकाका सरळ माणूस, ते उत्तराची वाट बघत उभे राहिले.

"हे गेले, काका," वहिनी म्हणाल्या. "मागच्या वर्षी. मी कुणाला सांगितलंच नाही."

शब्द बाहेर पडले आणि रस्ता होता तसाच चालू राहिला. टेलरकाकांनी टेप गळ्यातून काढला, उगाच गुंडाळला, पुन्हा उलगडला. शेवटी त्यांनी कात्री उलटी धरली, मुठीची बाजू पुढं करून, आणि वहिनींच्या हातात दिली.

वहिनींनी स्क्रू सैल केला, पाती वेगळी केली, सहाण सुरू केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात चुकत नव्हता. दोन्ही पाती पुसून जोडली, एक धागा धरून पाहिला आणि अलगद तुटला तसं समाधानानं हुं केलं. एवढ्यात फोन वाजला. पडद्यावर "अहो" असं आलं. ते नाव बदलायचं राहून गेलं होतं, आणि आता ते बदलायचं नव्हतं.

वहिनींनी पदराला हात पुसले आणि फोन कानाला लावला.

"बोला," त्या म्हणाल्या. "आता कुणाकडे जायचंय?"