एकशे चौदा

"बाई, तुमच्या हाताला गुण आहे हां," लॅपटॉपमधून मान न काढता आकडेवाला म्हणाला, आणि फीतबाईने हातातली फीत घाईने खिशात सरकवली.

निर्वासितांच्या छावणीतल्या दवाखान्यात ती परिचारिका होती. नऊ वर्षं एकच काम. पोराच्या दंडाला मोजपट्टीची फीत गुंडाळायची आणि आकडा वाचायचा. एकशे पंधरा मिलिमीटरच्या खाली भरला तर पोर लाल, म्हणजे अगदीच खंगलेलं. लाल पोराला रोज पौष्टिक खाऊचं पाकीट. त्याच्या वर भरला तर पिवळं. पिवळ्याच्या आईला उपदेश. उपदेशाने दंड भरत नाही, हे बाईला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

छावणीत तिच्याबद्दल काय वाट्टेल ते सांगत. एकदा म्हणे वावटळीत तिची फीत उडाली, आठ तंबू ओलांडून गेली, एका रडक्या पोराच्या दंडाला आपसूक गुंडाळली आणि लाल दाखवून गप्प बसली. आठ तंबू म्हणजे जरा जास्तच होतात; सहा धरा. खरं एवढंच, की एकशे सतरा-अठराचं पोर आलं की बाई फीत चिमूटभर आवळायची. पोराला कळायचं नाही, आईला कळायचं, आणि वहीत पडायचे एकशे चौदा.

आता संस्थेने सगळ्या छावण्यांच्या वह्या एकत्र करून दूरदेशच्या संशोधकांना द्यायचं ठरवलं होतं. नावं पुसून, नुसते आकडे. आकडेवाला त्यासाठीच आला होता. तीन छावण्या पालथ्या घालून, डोळे तांबारून. त्याने समजावून सांगितलं, की इतर ठिकाणी लाल पोर सुधारायला चाळीस दिवस लागतात, इथे वीस. आणि सगळ्यात जास्त पोरं याच केंद्रातली. या आकड्यांच्या जोरावर उद्या सगळीकडेच वीस दिवसांनी पाकीट थांबवता येईल.

बाई हो-हो म्हणत राहिली. तिची पोरं वीस दिवसांत सुधारायची, कारण ती लाल नव्हतीच. पण दुसऱ्या कुठल्या तरी छावणीतलं खरोखरचं लाल पोर एकविसाव्या दिवशी हात पुढे करील, तेव्हा त्या हातावर काय पडणार?

संध्याकाळी भांडी विसळताना तिने थोरल्या बहिणीला सगळं सांगितलं. दोघी एकाच खोलीत राहायच्या, आणि थोरलीची जीभ गुडघ्यांसारखी नव्हती. ती अजून धावायची. नसत्या उठाठेवी करायची तुला खोडच आहे, दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला, तोंड मिटून काढ, असं ती म्हणाली. मग ताटं पुसता पुसता तिनेच विचारलं,

"आणि उद्या फीत सैल पडली, तर इथल्या पोरांनी गं काय खायचं?"

"तेच तर कळत नाही, ताई."

सकाळी बाई आकडेवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"त्यात जिथं जिथं एकशे चौदा आहे ना, ते माझं आहे. फीत आवळून काढलेलं."

त्याला आधी थट्टा वाटली. मग त्याने यंत्राला विचारलं. एक हजार आठशे सहा निघाले. एकशे तेरा फार तर शे-दीडशे, आणि एकशे चौदाचा हा डोंगर. तो कपाळ चोळत राहिला.

"यातली खरी कुठली?"

"आठवत नाहीत."

"बाई, मग सगळीच काढावी लागतील."

"काढा," ती म्हणाली. जी पोरं खरोखरच एकशे चौदाची होती, खंगलेली, काही नंतर गेलेलीही, ती डोळ्यांसमोर येतील म्हणून तिने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर रांग लागली होती.

तिला काढून टाकलं नाही. त्या तापल्या पत्र्याच्या दवाखान्यात बसायला दुसरं कुणी मिळत नव्हतं, हेच खरं कारण; पण संस्थेच्या पत्रात दिलगिरी, समज वगैरे पुष्कळ होतं. यापुढे दंड दोघांनी मोजायचा, असंही होतं. म्हणून आठवड्याभराने नवा कंपाउंडर शेजारच्या स्टुलावर येऊन बसला. तो आकडा मोठ्याने वाचायचा.

पहिल्याच दिवशी एक ओळखीची आई आली. थोरल्या दोन्ही पोरांच्या वेळी इथेच आलेली. समोरच्या स्टुलावर बसून तिने धाकटीची बाही वर केली. बाईने फीत गुंडाळली आणि सोडून दिली.

"एकशे अठरा," कंपाउंडर म्हणाला.

"जरा नीट बघा ना, बाई," आई हळूच म्हणाली.

बाईने पुन्हा मोजलं. बोटं सवयीने आवळायला गेली आणि थांबली.

"नीटच आहे गं."

 बाईला आता पाणी पाजा, स्वच्छता ठेवा, असलं काही सुचेना. 'पुढचं' म्हणायचं तिचं काम होतं, तेही तोंडून फुटेना. रांग तशीच उभी राहिली. शेवटी त्या आईनेच पोरीची बाही खाली ओढली, तिला कडेवर घेतलं आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या आईला म्हणाली, "या, तुम्ही बसा." आणि स्टूल मोकळं करून दिलं.