माझी थरथर, गुणाजीची बोटं
मित्रांनो, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या गेटजवळ मोडीत पडलेला मी एक ग्राइंडर आहे. हातात धरून चालवायचा, वजनदार आणि जरासा शिष्ट! ओतीव लोखंडाच्या पंपांच्या खडबडीत कडा मी घासून गुळगुळीत करायचो. पासष्ट सालाच्या सुमारास नवाकोरा आलो, तेव्हा सगळे कौतुकानं भोवती जमले होते. मला हाती घेतलं ते कणकवलीकडच्या गुणाजीनं.

गुणाजी हातमोजे घालत नसे. घासून झालं की उघडं बोट कडेवरून फिरवायचं आणि मान डोलवायची, हीच आमच्याकडची तपासणी. केसाएवढा चराही त्या बोटाला कळायचा. मला त्याचा फार अभिमान होता.

वर्षं गेली. माझी बेअरिंगं झिजली आणि मी नुसता थडथडायला लागलो. गुणाजीनं दुरुस्तीचं नाव काढलं की फोरमन राजाराम उडवून लावी, "चालतोय ना? मग घट्ट धर, यार!" गुणाजी बिचारा मला आणखी आवळून धरी आणि माझी सगळी थरथर त्याच्या हातात उतरे. थंडीच्या सकाळी त्याची बोटं खडूसारखी पांढरी पडत. ती काखेत दाबून तो हसे, "गारठो, दुसरा काय!" मला मात्र धडकी भरायची.

एका रविवारी जादा काम होतं. त्याची बायको सुगंधा डबा घेऊन आली, बरोबर धाकटी कुंदा. बांगड्याचे काटे बापानंच काढायचे आणि पोरीला भरवायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. गुणाजीनं हात धुतले, मासा चाचपला आणि घास तिच्या तोंडात दिला.

कुंदाचा श्वासच अडकला. डोळे फिरले. मला ओरडावंसं वाटलं, पण बटण दाबल्याशिवाय मला आवाज कुठला! सुगंधानं पोरीला ओणवं केलं, तोंडात दोन बोटं घातली, चाचपलं, पुन्हा चाचपलं आणि काटा ओढून काढला. पोर रडली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

"एवढो मोठो काटो तुमका गावलो नाय?" सुगंधा पोरीला छातीशी धरत म्हणाली.

"नाय गो," गुणाजी स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाला. "काटो आसा की मास, बोटांका कायच कळणा नाय."

डॉक्टरांनी सांगितलं, सततच्या थरथरीनं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, स्पर्शाच्या नसा बधिर होतात. गुणाजीनं मला कायमचं खाली ठेवलं आणि गेटवर पहाऱ्याला बसला. बोटं पूर्वीइतकी पांढरी पडत नाहीत. स्पर्श मात्र परत आला नाही.

मित्रांनो, मशीन थडथडू लागलं की थांबवा, दुरुस्त करा. हात उबदार ठेवा, मधे विसावा द्या. हात जोडून सांगितलं असतं, पण मला हात नाहीत.

परवा कुंदा गेटवर आली. मागून येऊन तिनं हळूच बापाचं बोट धरलं. गुणाजी रस्त्याकडेच बघत राहिला. तिनं "बाबा" म्हटलं, तेव्हा त्याला कळलं.