त्या दिवशी मी डोक्यावरच राहिलो

मी मोंगखोन बोलतोय. लढतीआधी आमच्या थाई बॉक्सरांच्या डोक्यावर दोरीचं जाड कडं दिसतं ना, मागे शेपटी लोंबणारं, तोच मी. सुरिन शहराजवळच्या एका तालमीत जन्मलो, आणि आजही तिथल्याच भिंतीवर, सगळ्यांच्या डोक्यांहून उंच टांगलेला असतो. मला जमिनीला टेकवायचं नाही असा दंडक आहे. त्यामुळे माझा तोरा जरा जास्तच आहे, हे कबूल करतो.

आमच्या तालमीचे वस्ताद प्रायुन यांच्या वडिलांनी मला वळलं. आत सुती दोर, वर वस्तादांच्या आईच्या जुन्या वस्त्राची पट्टी. विहारातल्या भिक्खूंनी मंत्र म्हटले. बॉक्सरने मला स्वतः हात लावायचा नाही. वस्तादांनी चढवायचं, पोराने सनईवर संथ नाचत चारी कोपऱ्यांना वंदन करायचं, आणि मग वस्तादांनीच मंत्र पुटपुटून मला उतरवायचं. मी उतरल्याशिवाय लढत सुरू होत नाही.

लोक बॉक्सरचे दंड बघतात, पोटऱ्या बघतात. मला फक्त कपाळ कळतं. लढतीआधी पोरांच्या अंगाला झोंबणारं तेल रगडतात, त्याने आजारी अंगसुद्धा तापून घामेजतं. कपाळाला मात्र तेल लावत नाहीत, डोळ्यांत उतरतं म्हणून. त्यामुळे कपाळाला खोटं बोलता येत नाही.

वान नावाचा एक पोरगा होता. गावात तापाची साथ होती तेव्हाची गोष्ट. त्याचं कपाळ तव्यासारखं तापलेलं. मला उतरवताना वस्तादांची बोटं थांबली.

"गरम लागतोयस रे."

"तेल जोरात चोळलंय, वस्ताद."

वस्तादांनी मला उतरवलं. वान तिसऱ्या फेरीत कोसळला, आणि चार दिवसांनी दवाखान्यातून त्याला झाकूनच आणलं. पुढे दोन वर्षं वस्तादांनी मला खुंटीवरून काढलं नाही. आपल्याला तोंड नाही याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

मग कोप आला. खरं नाव लांबलचक, पण कोप म्हणजे बेडूक, तेच चिकटलं. एकोणिसाव्या वर्षी त्याला साखरेचा आजार निघाला. रोज पोटात इन्सुलिनच्या सुया. सगळे म्हणाले, आता संपला हा. वस्ताद एवढंच म्हणाले, "सुई घेतोस ना वेळेवर? मग लाग कामाला."

आणि तो लागला. चिकट भाताची पुरचुंडी, सुयांची डबी आणि अंगातली साखर एकदम घसरली तर म्हणून खिशात खडीसाखर असा संसार घेऊन तो सव्वीस लढती खेळला. पोरं चिडवायची, "बेडका, लढायला निघालास की सहलीला?"

"तुझ्या दोन ठोशांच्या मध्ये माझं जेवण उरकतं," तो म्हणायचा. मला तो आवडायचा, उगाच कशाला लपवू.

विहाराच्या जत्रेत त्याची लढत राजधानीतल्या नामांकित बॉक्सरशी ठरली. जिंकला तर राजधानीच्या मोठ्या रिंगमध्ये बोलावणं येणार होतं. त्याने लहानपणापासून तेवढंच मागितलं होतं. सकाळी वजन अर्धा किलो जास्त भरलं, म्हणून उपाशीपोटी धावला. सवयीने सुई मात्र घेतली. वजन उतरलं, पण मळमळीमुळे घास जाईना. वस्तादांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "खाल्लं की."

दुपार कलताना वस्तादांनी मला त्याच्या डोक्यावर चढवलं. तो नाचू लागला आणि कपाळ थंडगार पडलं. थेंब थेंब घाम, विहिरीच्या पाण्यासारखा. वंदन करताना तो एकाच कोपऱ्यात दोनदा गेला. प्रेक्षकांना वाटलं, भक्ती जास्त आहे.

तो वस्तादांसमोर वाकला. त्यांची बोटं माझ्याखाली सरकली आणि तिथेच राहिली.

"काय खाल्लंस?"

"भात."

"कधी?"

कोपने डोकं आणखी पुढे केलं. मग म्हणाला, "काढा ना, वस्ताद. पाया पडतो तुमच्या."

पंचाने हाक मारली. गर्दीतून कुणी ओरडलं, "म्हाताऱ्या, चिकटलंय का ते?"

वस्तादांनी माझ्यावरचे हात काढून घेतले, कोपचा दंड धरला आणि त्याला दोरांमधून खाली उतरवलं. मला डोक्यावर घेऊन रिंगमधून उतरलेला बॉक्सर मी तोवर पाहिला नव्हता. शेजारच्या देवळीत स्थानदेवतेपुढे लाल सरबताची बाटली ठेवलेली होती. वस्तादांनी हात जोडून माफी मागितली आणि तिची नळी कोपच्या तोंडात दिली. पंचाने समोरच्याचा हात वर केला.

थोड्या वेळाने साखर भिनली आणि कोपच्या कपाळाला ऊब आली. तो रडत होता.

"मी जिंकलो असतो."

"असतास कदाचित."

"तुम्ही माझं वाटोळं केलंत."

वस्तादांनी रिकामी बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "वानच्या कपाळाला हात लागला तेव्हा मला कळलं होतं. तेल नव्हतं, ताप होता. कळूनही मी हे काढलं, बाळा."

ही गोष्ट तोवर फक्त त्यांना आणि मला माहीत होती.

राजधानीचं बोलावणं आलं नाही, कधीच नाही. कोप चार महिने तालमीकडे फिरकला नाही. पाचव्या महिन्यात आला, वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सराव सुरू केला. नंतर तो गावोगावच्या जत्रांत आठ लढती खेळला, भात खाऊन.

आता माझे धागे सुटलेत. वस्तादांना दिसत नाही, म्हणून पोरांच्या डोक्यावर मला कोप चढवतो. देवळीत लाल सरबताच्या दोन बाटल्या असतात, एक देवाची आणि एक आमची. तुमच्या घरी कुणी झुंजायला निघालं, परीक्षेला म्हणा नाहीतर कामाला, तर त्याच्या शब्दावर जाऊ नका. कपाळाला हात लावून बघा. माझं एवढंच मागणं आहे.

परवाही जत्रा झाली. नाच संपला, पोरगा वाकला, कोपची बोटं माझ्याखाली आली. कोपऱ्यातल्या स्टुलावरून वस्तादांनी विचारलं, "कपाळ?"

"कोरडं आहे, वस्ताद. कोमट."

म्हाताऱ्याने मान हलवली. मगच मी उतरलो.