पांढऱ्या पायाची

गाडी पसंत केली उन्मेषनं, चावी खिशात घातली उन्मेषनं, आणि पूजेआधी ती धुवायची मात्र मनस्विनीनं. त्या घरात हे असंच चालायचं. आरे-वारेच्या रस्त्यालगत हापूसची बाग, चिऱ्याचं ऐसपैस घर, आणि एकुलता एक मुलगा म्हणजे देव्हाऱ्यातला देवच. हा देव कुवारबावच्या आत्मारामकडून जुनी गाडी घेऊन आला होता. लालभडक, आणि बॉनेटवर काळी चकचकीत फिल्म चिकटवलेली. 'स्पोर्ट्स लूक आहे' म्हणून सगळ्या वाडीला सांगत फिरला होता.

मनस्विनी पाइप घेऊन घरापुढच्या खळ्यात उतरली. फिल्मचं एक टोक उन्हानं सुटून वर आलं होतं. ते दाबून बसवावं म्हणून तिनं बोट लावलं, तर मेलं आणखीच सुटलं. खाली काहीतरी खरवडलेलं दिसलं. आता दिसल्यावर बघितल्याशिवाय कुणाला राहवतं का? तिनं ओढली. अख्खी फिल्म पापुद्र्यासारखी हातात आली आणि खिळ्यानं की किल्लीनं, पार पत्र्यापर्यंत कोरलेली अक्षरं उघडी पडली. 'पांढऱ्या पायाची'.

लिहिणाऱ्याचा हात झडो! एवढ्या रागात लिहिलंन, पण 'ऱ्या' चुकला नव्हता.

मनस्विनीनं फिल्म परत दाबून बघितली, बसेना. ती या घरात आली वैशाखात. भाद्रपदात तिचे सासरे भास्करकाका पडवीत चहा पिता पिता गेले. हृदय आधीपासूनच खराब होतं, असं डॉक्टर म्हणाले, पण डॉक्टरचं ऐकतो कोण? पौषात मोहोर काळा पडून गळला. तो तर सगळ्या पट्ट्याचाच गळला होता, पण सगळ्यांच्या घरी त्याच वर्षी नवी सून आलेली नव्हती. सासूबाई, हेमाकाकी, तोंडानं कधी पुरतं बोलल्या नाहीत. 'सून आली आणि...' एवढंच म्हणायच्या आणि पदरानं तोंड पुसायच्या. ते अर्धं वाक्य आज बॉनेटनं पुरं केलं.

हेमाकाकी पडवीतून खाली आल्या. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि पहिलीतल्या पोरासारखं एकेका अक्षराला बोट लावून मोठ्यानं वाचलं.

"काय गो, हे तू आल्यावर लिहिलंन कोणी, की तू येणार म्हणून आधीच लिहून ठेवलंन?"

"आई, गाडी जुनी आहे. आधीच्या लोकांचं काहीतरी असेल."

"असेल हो. पण गाडीला मेल्ये पाय कुठं असतात? चाकं असतात, चाकं!"

आणि हसल्या. दगडी गडग्यापलीकडून शेजारणी माना उंचावून बघत होत्या, त्यांना ऐकू जावं अशा बेतानं हसल्या. मनस्विनीला वाटलं, हातातला पाइप असाच त्या तोंडावर धरावा. कसली धरतेय! मुकाट्यानं जाऊन नळ बंद करून आली.

उन्मेषचं दुःख वेगळंच. बायकोला कोण काय बोललं हे त्याच्या कानात शिरलंच नाही. "बॉनेटची वाट लागली गं," म्हणत तो त्या अक्षरांवरून हात फिरवत बसला. दुसऱ्या दिवशी तो आत्मारामकडे निघाला तेव्हा तीही हट्टानं गाडीत बसली. गाडी परत देऊनच यायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. ती अक्षरं दारातून गेली की सासूच्या डोक्यातूनही जातील आणि आपल्याला या घरात सुखानं दोन घास खाता येतील, एवढंच बापडीला हवं होतं.

आत्माराम पान चघळत बाहेर आला. अक्षरं बघून त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

"साहेब, इंजिन बघा. अक्षरं काय पेट्रोल पितात? विकलेली गाडी मी सख्ख्या भावाकडून परत घेतली नाय. पण तुम्ही आपली माणसं. बॉनेट रंगवून देतो, फुकट. बापजन्मात कुणाला कळायचं नाय."

"तुम्हाला माहीत होतं," मनस्विनी म्हणाली. "म्हणून तर फिल्म चिकटवलीत."

"वहिनी, मुलगी दाखवताना पावडर फासतातच की! आणि लग्न झाल्यावर मग परत कोण करतं?" आत्माराम खदाखदा हसला.

आणि उन्मेषही हसला! वर म्हणाला, "हे भारी होतं हां." मनस्विनीच्या अंगाचा तिळपापड झाला. आत्मारामचं एक वेळ ठीक, तो धंदेवाला, पण ह्याला हसू आलंच कसं?

"कुणाची होती ही गाडी?" तिनं विचारलं.

"होते एक गृहस्थ. घरातलं भांडण. आपल्याला काय करायचंय?"

परतताना ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. याच सीटवर आधी एक बाई बसत असणार. तिला शेवटी कुठं नेऊन सोडली असेल?

आता कौल लावायची अक्कल मात्र तिचीच, उगाच सासूच्या माथी कशाला मारा? त्या घरात उन्मेषच्या हट्टाची डाळ फक्त एकाच ठिकाणी शिजत नसे, ते म्हणजे ग्रामदेवीपुढे. कलम कुठलं तोडायचं, विहीर कुठं खणायची, सगळं देवीला विचारून. दगडी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गुरवानं प्रश्न घालायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवी नको म्हणाली, की उन्मेषला गाडी मिळेल त्या किमतीला काढावीच लागणार होती.

"आई, आपण गाडीचं देवीला विचारूया का?" तिनं आपल्या तोंडानं म्हटलं.

हेमाकाकींनी तिच्याकडे टक लावून बघितलं. "शहाणी आहेस गो," म्हणाल्या. ऐकून पोरीला बरं वाटलं. लग्न झाल्यापासून सासूनं केलेलं हे पहिलंच कौतुक.

देवळात चौघंच होती. ही तिघं, आणि गंगाराम गुरव. त्यानं पाकळ्या ओल्या करून चिकटवल्या आणि वळून विचारलं, "काकी, गाडी ठेवायची का, असंच विचारायचं ना?"

"गाडीबिडी काय सांगतोस देवीला? तिला मोटारीतलं काय कळतं? वर लिहिलंय तेच बोल."

गंगारामनं मान डोलावली आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बाय देवी, तुझ्या भास्करच्या दारात पांढऱ्या पायाची आलेली आहे. ती दारात राहावी असं तुझ्या मनात असेल तर उजवा दे. आली तशी माघारी धाडावी असं असेल तर डावा दे!"

मनस्विनीनं हात जोडले, डोळे मिटले आणि जीव तोडून मागितलं. डावा दे गं बाई, डावा दे. डोळे उघडले तेव्हा डावी पाकळी ओघळून खाली आलेली होती. तिला रडूच आलं, आनंदानं.

"सुटलो एकदाचे," पायऱ्या उतरताना ती उन्मेषला म्हणाली. "कधी काढतोस गाडी?"

"गाडी कशास?" मागून हेमाकाकी म्हणाल्या. "तुझे कपडे भर."

तिला आधी कळलंच नाही. मग गाऱ्हाण्यातला शब्दन् शब्द तिला आठवला आणि पायाखालची पायरी सरकली. गाडी हा शब्द त्यात नव्हताच! होती ती फक्त 'आलेली', 'ती'. आपल्या भाषेत मेली गाडीही ती आणि सूनही तीच. आणि 'डावा दे' म्हणून नाक घासून मागणारी ही येडी!

"आई, गाडीचं विचारलं होतं ना आपण?" उन्मेष म्हणाला. म्हणाला कसला, पुटपुटला.

"गाडीवरचं आत्माराम पुसून देणार आहे. ते गेलं, की मग पांढऱ्या पायाची राहिली कोण?" हेमाकाकी शांतपणे वहाणा पायात सरकवत होत्या. "पण तुला तसं वाटत नसेल तर गाडी धाड बाबा. माझं काय जातं? दोघींतली एक दारातून गेली पाहिजे. कुठची, ते तू सांग."

देवळापुढच्या वडाखाली ती लालभडक गाडी उभी होती. उन्मेषनं गाडीकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं. मग परत गाडीकडे.

"बोल ना," मनस्विनी म्हणाली. "उन्मेष, तू काय विचारायला आला होतास ते तुला ठाऊक आहे. एवढं एकच वाक्य बोल."

"थोडे दिवस माहेरी मंडणगडला जाऊन ये ना," तो म्हणाला. "आईचं मन निवळलं की मी स्वतः न्यायला येतो. उगाच ताणू नकोस."

थू त्याच्या जिण्यावर! तिनं गंगारामकडे बघितलं, तो घंटेची दोरी नीट करण्यात गुंतला होता. गाभाऱ्यात बघितलं, तिथून काय उत्तर यायचं?

बरं, लगेच निघता आलं असतं तरी निदान अब्रूनं जाता आलं असतं. पण गाडी रंगायला आत्मारामकडे गेली, आणि ती परत येईपर्यंत मनस्विनी बांधलेल्या बॅगा घेऊन त्याच घरात बसून राहिली. एसटीनं जाते म्हणाली तर हेमाकाकी कडाडल्या, "आमच्या घरच्या बाईनं बॅगा घेऊन स्टँडवर उभं राहायचं? लोक काय म्हणतील?" त्या दिवसांत तिला पान वाढलं जात होतं, पण तिच्याशी अवाक्षर कुणी बोललं नाही.

गाडी आली ती नवरीसारखी. बॉनेट आरशागत झालं होतं, आणि आत्मारामनं मन मोठं करून डावीकडचं दारही रंगवून दिलं होतं. सगळा रस्ताभर उन्मेष खूश होता. खड्डा आला की कळवळायचा, ट्रक जवळून गेला की शिव्या घालायचा. तिनं एकदाच विचारलं, "न्यायला कधी येशील?" तो म्हणाला, "बघू," आणि आरसा नीट केला.

मंडणगडात तिच्या घरासमोर गाडी थांबली. आवाज ऐकून आई हात पुसत अंगणात आली, लेकीला आणि लेकीच्या बॅगा बघून तिथंच थबकली. उन्मेष खाली उतरला नाही. इंजिनही बंद केलं नाही. मनस्विनी दोन्ही बॅगा ओढून उतरली, एक हात दारावर ठेवून उभी राहिली आणि वाकून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. अजूनही तो काही बोलेल, असं तिला वाटत होतं.

"मनू," तो म्हणाला, "दार जरा हळू लाव हां. रंग ओला आहे अजून."

आणि तिनं हळूच लावलं.